धन्वंतरी महालाचे धनी : तंजावरचे सरफोजी महाराज

आपल्या मंडळातील एका कुटुंबाची कन्या नुकतीच वैद्यकीय पदवी घेऊन संशोधनाकडे वळली आहे. विषाणू मनुष्याच्या रोगप्रतिकारशक्तीला कसे चकवतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. गेल्या संक्रांतीस तिळगूळ देता देता तिने तो मला समजावून सांगण्याची खटपट केली. मला उमगले ते असे की, काही विषाणू बहुरूप्यासारखे असतात. आपल्या शरीरातील पेशींना ओळखीचा जो परवलीचा शब्द असतो, तोच ते चोरतात आणि पहारेकऱ्यासमोरून राजरोस आत शिरतात. या विद्येत देवीच्या रोगाचा विषाणू सर्वांत निष्णात होता, असे ती म्हणाली. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचा वण अद्याप आहे; तिच्या पिढीच्या दंडावर तो नाही. त्या वणाकडे पाहता पाहता माझे मन तंजावरला गेले, आणि स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न तेथेच सुटला.

तंजावर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांस दोन गोष्टी आठवतात. एक सांबाराच्या जन्माची दंतकथा आणि दुसरी बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर. त्या शिखराच्या छायेत मराठ्यांनी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले, हे शाळेत एका ओळीत शिकलेले असते आणि तेवढ्याच त्वरेने विसरलेलेही असते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास कावेरीच्या त्या सुपीक मुलखात भोसल्यांची गादी स्थापिली. तेथपासून १८५५ पर्यंत ती टिकली. घरात मराठी, दप्तरात मोडी, देवळात संस्कृत, संगीतात तेलुगू आणि रस्त्यावर तमिळ, अशा पंचभाषी संसारात ही माणसे नांदली. परमुलखात राहून आपलेपण कसे राखावे आणि तरीही शेजाऱ्याचे कसे व्हावे, या प्रश्नाशी आपलीही रोजची झटापट असते. म्हणून तंजावरकरांचे चरित्र आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

सरफोजी महाराज (द्वितीय) यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर तुळजाजी महाराज होते. त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध संकटांनी भरलेला होता. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजांनी कावेरीचे खोरे उद्ध्वस्त केले, कालवे फुटले, शेते ओस पडली आणि माणसे अन्नासाठी देशोधडीस लागली. त्यातच तुळजाजींची स्वतःची मुले-नातवंडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वारस उरला नाही. मृत्यूपूर्वी, १७८७ च्या आरंभी, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती त्याचा हात दिला.

श्वार्ट्झ हा तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनचा माणूस. तमिळ, मराठी, फारसी जाणणारा, हैदरअलीनेही ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असा सरळ वृत्तीचा गृहस्थ. राजपुत्राचे पालकत्व स्वतःकडे घेण्याऐवजी तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांच्याकडे कारभार सोपवावा, असे त्यानेच सुचविले. सल्ला सद्भावनेचा होता; परिणाम मात्र विपरीत झाला. अमरसिंहांनी दत्तविधानास हरकत घेतली, कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले, ते प्रतिकूल आले आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. लहानग्या सरफोजीस वाड्यात कोंडून ठेवण्यात आले. शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे तक्रारी करून करून शेवटी १७९३ मध्ये या मुलास आणि तुळजाजींच्या राण्यांस सुरक्षिततेसाठी मद्रासेस हलविले.

सोळा वर्षांचा हा मुलगा मद्रासेत आला तो राज्य नसलेला राजपुत्र म्हणून. पुढे गादी मिळेलच अशी खात्री कोणी द्यावी? त्या अनिश्चिततेत त्याने काय केले, तर अभ्यास. गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली इंग्रजी, गणित, भूगोल आणि युरोपातील नव्या निसर्गविज्ञानाची ओळख त्याने करून घेतली. मिशनऱ्यांच्या सहवासात वाढूनही सरफोजी आपल्या कुलाचारापासून ढळले नाहीत. अखेरपर्यंत ते शिवभक्त राहिले. गुरूवर त्यांनी अपार माया केली, गुरूचा धर्म मात्र घेतला नाही, आणि श्वार्ट्झनेही त्यावरून प्रेम आटविले नाही. दोघांच्याही मोठेपणाची ती साक्ष आहे. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला. पुढे महाराजांनी लंडनचा प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला शिष्य त्यात कोरलेला आहे. तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला राजा हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला, पंडितांचे मत या खेपेस अनुकूल पडले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. त्याच वर्षी इंग्लंडात एडवर्ड जेन्नर नावाच्या एका खेडवळ डॉक्टरने गाईच्या देवीविषयीचे आपले छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, परंतु इतिहासाला असले योगायोग आवडतात.

गादी मिळाली, राज्य मात्र गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लक्ष होन आणि वसुलीच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. वय अवघे बावीस. ज्याच्या आजा-पणजाने रणांगणे पाहिली, त्याला आता ना फौज, ना न्यायनिवाडा, ना सारावसुली. अशा स्थितीत हिंदुस्थानातील कित्येक संस्थानिकांनी काय केले हे सर्वश्रुत आहे. त्याची पुनरावृत्ती येथे नको. सरफोजींनी मात्र आपल्या हाती उरलेल्या वस्तूंची जणू यादीच केली. पैसा आहे, वाडा आहे, पंडित आहेत, वैद्य आहेत, चित्रकार आहेत, आणि अन्नछत्रे आहेत.

ही छत्रे म्हणजे तंजावरच्या मराठ्यांचे खरे वैभव. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर ती राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे बांधलेली असत. तहानंतर त्यांच्या उत्पन्नावर गदा येईल अशी चिन्हे दिसू लागताच महाराजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास पत्र लिहून ती आपल्या व्यवस्थेखाली ठेवण्याची विनंती केली. राजाने स्वतःसाठी काही मागण्याऐवजी छत्रांसाठी मागावे, हे त्या काळी तरी विरळाच. त्या पत्रात छत्रांचे जे वर्णन आहे, ते वाचून मन हेलावते. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि बैराग्यापासून परदेशी प्रवाशापर्यंत कोणीही यावे, त्यास अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्यास बोलावीत. वाटेत आजारी पडलेल्यास वैद्य पाही, औषध-पथ्य मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याची सोय होई. मरण पावला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी होत असे. वाटेवर बाळंत होणाऱ्या स्त्रियांची शुश्रूषा आणि पोरक्या मुलांचा सांभाळही तेथेच. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ हिच्या नावे महाराजांनी जे छत्र उभारले, त्यात जेवणाबरोबर शाळाही होती. राज्य गेलेल्या राजाचा वैद्यकाशी संबंध कोठून सुरू झाला असे कोणी विचारील, तर मी या छत्रांकडे बोट दाखवीन. ग्रंथांतून तो पुढे वाढला; उगम मात्र यात्रेकरूंच्या ओसरीवर आहे.

आता देवीच्या रोगाकडे वळू. हा रोग आपल्या भाषेत देवी म्हणूनच ओळखला जातो. देवी आल्या, देवी गेल्या, देवी काढल्या. तमिळ माणूस त्यालाच अम्मै म्हणतो, म्हणजे आई. ज्या रोगाने दहांतील तीन माणसे मरत, जी वाचत त्यांचा चेहरा चाळणीसारखा होई आणि कित्येकांच्या डोळ्यांत फूल पडून जन्माचे आंधळेपण येई, त्या रोगास दोन्ही भाषांनी आईचे नाव दिले. याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात निरुपायाने केलेली शरणागती दिसते. तंजावरनजीक पुन्नैनल्लूर येथे मारिअम्मनचे देऊळ आहे, ते तेथील मराठ्यांचे मोठे श्रद्धास्थान. राजघराण्यातील एका कन्येची दृष्टी रोगामुळे गेली होती आणि या देवीच्या उपासनेने ती परत आली, अशी कथा तेथे सांगतात. सरफोजी महाराजांनी त्या देवळाचा मंडप आणि गोपुर वाढविले. त्यांच्या घराण्यात आजार, अंधत्व आणि देवी ही तीन नावे एकत्रच उच्चारली जात होती.

जून १८०२ मध्ये जेन्नरची लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचली आणि एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम उठली. बर्फपेटी नाही, कुपी नाही. एका मुलाच्या फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात, दुसऱ्याच्या फोडातील तिसऱ्याच्या, अशी माणसामाणसांची साखळी करीत ती देशभर गेली. मद्रास इलाख्यातही ती त्याच वर्षी पोहोचली. लोकांनी ती सहजासहजी घेतली नाही. गाईची लस, परजातीच्या मुलाच्या अंगातले पाणी आणि वर देवीचा कोप, अशा तीन शंका प्रत्येक उंबरठ्यावर उभ्या असत. शेजारच्या म्हैसुरात राजघराण्यातील स्त्रियांनी टोचून घेऊन लोकांपुढे उदाहरण ठेवले, असे एका चित्राच्या आधारे अलीकडील अभ्यासक सांगतात. सरफोजी महाराजांस या टोचणीचे प्रणेते ठरविण्याचा मोह अभिमानापोटी होतो, तो मी आवरतो. त्यांचे काम निराळ्या जातीचे होते, आणि ते समजून घेण्यासाठी धन्वंतरी महालात गेले पाहिजे.

धन्वंतरी महाल हे महाराजांनी उभारलेले चिकित्सालय. नावावरून औषधांच्या कोठारासारखे वाटते. कोठार तेथे होतेच, पण त्याहून पुष्कळ काही होते. आयुर्वेदाचे वैद्य, सिद्धवैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय पद्धतीचा डॉक्टर ही सर्व मंडळी एका छपराखाली बसत. माणसांबरोबर जनावरांवरही उपचार होत. एखादा वैद्य आपल्या घराण्यातील गुप्त औषध घेऊन आला, तर ते औषध रोग्यावर वापरून त्याचा गुण पाहावयाचा आणि गुण आला तरच दप्तरी नोंदवावयाचे, अशी तेथील रीत. आपल्याकडील विद्या गुरूच्या कानातून शिष्याच्या कानात जाई आणि पुष्कळदा शिष्य न मिळाल्याने गुरूबरोबर चितेवर जळे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रीतीचे मोल कळेल.

गुण आलेले हे योग मग तमिळ पद्यांत बांधले गेले. मराठी राजाच्या पदरचे हे वैद्यक तमिळमध्ये का? कारण ते वापरणारे गावोगावचे वैद्य तमिळ होते आणि पद्य पाठ राहते. या ग्रंथसंग्रहास शरभेंद्र वैद्य मुरै असे नाव पडले. शरभेंद्र हे सरफोजींचेच दरबारी रूप. नेत्ररोग, मधुमेह असे रोगवार भाग करून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते विसाव्या शतकात छापले. राजभाषेचा अभिमान आणि प्रजेची सोय यांत महाराजांनी कोणाला झुकते माप दिले हे येथे दिसते. मराठीवर त्यांचे प्रेम कमी होते असे मात्र कोणी समजू नये. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक गणला जातो. कुळाचा इतिहास मराठीत आणि औषध तमिळमध्ये, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

शरीररचना शिकावयाची तर सांगाडा हवा. मृताची हाडे वाड्यात आणणे धर्माचारास मान्य नव्हते. महाराजांनी त्यावर जी तोड काढली ती त्यांच्या स्वभावाची किल्लीच आहे. त्यांनी मनुष्याचा सांगाडा हस्तिदंतात घडविला. आचारही राहिला, अभ्यासही झाला. सुधारकाने रूढीशी दोन हात करावेत अशी आपली अपेक्षा असते. या राजाने रूढीच्या अंगणातूनच वाट काढली. त्यात भित्रेपणा होता की चातुर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी चातुर्याच्या बाजूने आहे.

पण धन्वंतरी महालाची सर्वांत मोलाची मिळकत म्हणजे नेत्ररोग्यांची टिपणे. सरस्वती महालात चव्वेचाळीस रोग्यांची टिपणे जतन झालेली आहेत. प्रत्येक रोग्याची तक्रार, त्यावर केलेला उपचार, त्याचा परिणाम हे सर्व त्यांत क्रमाने लिहिलेले आहे. सोबत दरबारी चित्रकाराने रंगांत काढलेली त्या रोग्याच्या डोळ्यांची चित्रे आहेत. मोतीबिंदूने पांढरी झालेली बाहुली, लाल झालेला कोपरा, सुजलेली पापणी. जे दिसले ते तसेच. राजाची तसबीर आणि देवादिकांची सोनेरी चित्रे काढणारा कुंचला येथे एका गरीब रोग्याच्या डोळ्यावर रोखलेला आहे. छायाचित्राचा शोध अजून व्हावयाचा होता. मॅकबीन नावाचा युरोपीय डॉक्टर या कामी महाराजांच्या सोबतीस होता. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात या टिपणांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला, तेव्हा वैद्यकीय जगाचे लक्ष तिकडे गेले.

महाराज स्वतः शस्त्रक्रिया करीत काय, हा प्रश्न तंजावरला गेलेला प्रत्येक मराठी माणूस विचारतो. वाटाडे मोठ्या उत्साहाने होय म्हणतात. अभ्यासकांत याविषयी एकवाक्यता नाही, आणि मला स्वतःला या वादाचे फारसे अगत्य वाटत नाही. सुश्रुताच्या काळापासून आपल्याकडे सुईने मोतीबिंदू डोळ्यात खाली लोटण्याची क्रिया चालत आली होती. ती करणारे हात पुष्कळ होते. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील दाव्हिएल याने मोतीबिंदू बाहेर काढण्याची रीत रूढ केली. तीही शिकणारे हात मिळाले असते. दुर्मीळ होती ती दुसरी गोष्ट. रोग्याची ओळख टिपावयाची, उपचाराआधीचा डोळा काढावयाचा, उपचारानंतरचा काढावयाचा, आणि फसलेला उपचारही फसला म्हणून ठेवावयाचा, ही शिस्त. शस्त्र चालविणाऱ्याचे यश एका रोग्यापुरते असते. टिपण पुढच्या रोग्यासही उपयोगी पडते.

आमच्या मंडळातील त्या तरुण डॉक्टरला मी हे सांगितले तेव्हा ती जे म्हणाली ते येथे नोंदवितो, कारण त्याने माझे डोळे उघडले. देवीचा विषाणू शरीरास कसा फसवी, हे मनुष्यास कळले ते रोग नाहीसा झाल्यावर. आपल्या रक्तात परक्या जंतूंना भोके पाडणारी काही प्रथिने असतात. ती आपल्याच पेशींवर उलटू नयेत म्हणून पेशींजवळ त्यांना थोपविणारी दुसरी प्रथिने असतात. देवीच्या विषाणूने या थोपविणाऱ्या प्रथिनाची हुबेहूब नक्कल केली होती. शिवाय पेशी धोक्याची जी हाक देतात, ती हाक वाटेतच गिळून टाकणारी आमिषेही तो सोडी. गनिमी काव्याचे याहून चोख उदाहरण मिळणे कठीण. त्या नकली प्रथिनावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातही संशोधन झाले आहे, ही माहिती आपल्यापैकी पुणेकरांस सुखावील. पण इतका धूर्त शत्रू लशीपुढे हरला तो का? कारण लस शरीरास त्याची ओळख आधीच करून देते. चोर येण्यापूर्वीच पहारा जागा होतो. आणि त्या विषाणूस मनुष्यावाचून दुसरे घर नव्हते, लपून राहावयास कोणतेही जनावर नव्हते. भारतातील शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये सापडले आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले. ही मोहीम फत्ते झाली ती नुसत्या लशीने नव्हे. कोणत्या गावी, कोणत्या घरी, कोणास पुरळ उठले याची नोंद करीत हिंडणाऱ्या हजारो साध्या माणसांचा त्यात वाटा होता. नोंदीचे मोल तिने मला असे समजावून दिले आणि मी मनोमन धन्वंतरी महालातील लेखनिकांस नमस्कार केला.

महाराजांच्या इतर उद्योगांविषयी थोडक्यात लिहितो, कारण प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. १८०५ च्या सुमारास त्यांनी वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि सख्खण पंडिताने मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी बालबोध मुक्तावली या नावाने १८०६ मध्ये तेथे छापल्या गेल्या. महाराष्ट्रात देवनागरी छापखान्यांचा जम बसण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलांचे पुस्तक कावेरीकाठी छापले गेले, हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे. देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक स्वतः महाराजांनी रचले. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. लोकनाट्याच्या साच्यात भूगोल ओतण्याची ही कल्पना कोणा शिक्षणाधिकाऱ्यास आजही सुचावयाची नाही. १८२० मध्ये सुमारे तीन हजारांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेस निघाले आणि परत येताना गंगाजळाबरोबर हस्तलिखितेही घेऊन आले. सरस्वती महालात त्यांनी चार हजारांहून अधिक युरोपीय ग्रंथ जमविले. कित्येक ग्रंथांवर त्यांची स्वाक्षरी आहे.

मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. हिंदुस्थानातील अनेक राजे पाहून झालेल्या या गृहस्थास येथे लव्हाझिए, लिनियस, बफाँ यांची नावे सहज घेणारा राजा भेटला आणि तो चकित झाला. भेट मोठ्या स्नेहाची झाली. राजपुत्र शिवाजी यास शिक्षणासाठी आपल्याबरोबर न्यावे असे हेबरने सुचविले. महाराजांचे मन वळले होते, पण राणीसाहेबांनी मुलास दूर धाडण्यास नकार दिला. मुलास दूर धाडण्याची पाळी आपल्यापैकी अनेकांवर आलेली असल्यामुळे त्या माउलीचा नकार कोणी हसण्यावारी नेऊ नये. भेटीनंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, हेबर तिरुचिरापल्लीस अकस्मात मरण पावला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे शिवाजीराजे गादीवर आले. १८५५ मध्ये तेही पुत्राविना वारले, आणि ज्या दत्तकविधीने सरफोजींस गादी मिळवून दिली होती, त्याच्या आधाराने ती राखण्याची संधी या खेपेस कंपनीने दिली नाही. तंजावरचे राज्य खालसा झाले. वाड्यातील चीजवस्तूंवर जप्ती आली, वारसांनी विलायतेपर्यंत दाद मागितली. राज्य गेले, जडजवाहिराची पांगापांग झाली. ग्रंथ मात्र राहिले. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० मध्ये पुरी झाली. आणि १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. मोडी दप्तरांची शेकडो गाठोडीही मागे राहिली. त्यांतील पुष्कळ मजकूर अजून वाचला जावयाचा आहे, आणि मोडी वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

आमच्या मंडळातील त्या मुलीने मोडी शिकण्याचा मनसुबा बोलून दाखविला आहे. आजीकडे मोडीतील जुने कागद आहेत, तेथून सुरुवात करीन म्हणते. पुढच्या सुट्टीत देशी गेल्यावर ती तंजावरला जाणार आहे. चेन्नईहून आगगाडीने पाच-सहा तासांची वाट आहे. राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महालाचे संग्रहदालन आहे. तेथे गेलात तर सोनेरी चित्रांपाशी फार न रेंगाळता धन्वंतरी महालाच्या कागदांची चौकशी करावी. त्यांतल्या एखाद्या पानावर कावेरीकाठच्या कोणा शेतकऱ्याचा दुखरा डोळा दोनशे वर्षांपूर्वीच्या रंगांत उघडा आहे.